चुकलेली पाळी आणि इतिहासाची साक्ष

मराठी भाषेंत स्त्रियांच्या ऋतुधर्मासंबंधानें जे प्रयोग रूढ आहेत, त्यांपैकीं दोन विशेष ध्यानांत घेण्याजोगे आहेत. नेहमींच्या दिवशीं ऋतुप्राप्ति झाली नाहीं, म्हणजे ‘पाळी चुकली’ असें आपण म्हणतों. आणि स्त्री गरोदर राहिली, म्हणजे ‘तिला दिवस गेले’ असें म्हणतों. पहिल्या प्रयोगांत चूक आहे, दुसऱ्यांत मोजदाद आहे. आणि या दोहोंच्या मध्यें भाषेनें न बोलतां एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती ही कीं, पहिली घडली म्हणजे दुसरी घडलीच असली पाहिजे. हें अनुमान पुष्कळदां खरें ठरतें. परंतु पुष्कळदां खरें ठरणारें अनुमानच सर्वांत धोक्याचें असतें. कारण जेथें तें खोटें ठरतें, तेथेंही त्याची फेरतपासणी करण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

पाळी कां थांबते, या प्रश्नाला निरनिराळ्या काळीं काय उत्तरें मिळालीं, आणि त्या उत्तरांचा भार कोणाला सोसावा लागला, हें प्रस्तुत लेखांत आम्हांला पाहावयाचें आहे. हा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असें अद्याप पुष्कळांना वाटतें. पण ज्या एका गोष्टीवरून कांहीं घरांत पेढे वांटले गेले आणि कांहीं घरांत जन्माचा घात झाला, तिचा इतिहास केवळ संकोचापायीं टाळणें आम्हांस रास्त वाटत नाहीं.

प्रथम घरांतूनच आरंभ करूं. ज्या घरांतून विटाळ पाळण्याची चाल होती — आणि कोठें कोठें ती अजूनही आहे — त्या घरांत स्त्रीचा हा हिशेब तिच्या एकटीचा कधींच नसे. महिन्याकाठीं तीन दिवस ती बाजूला बसे. मुलांना ‘कावळा शिवला’ एवढेंच सांगण्यांत येई. चवथ्या दिवशीं न्हाऊन ती पुन्हां स्वयंपाकघरांत येई. एखाद्या महिन्यांत ती बाजूला बसली नाहीं, तर ती वार्ता तिला कोणास सांगावी लागत नसे. सासू, आत्तेसासू, थोरली जाऊ यांच्या बोटांच्या पेऱ्यांवर मोजणी आपोआप सुरू होई. नव्या सुनेच्या बाबतींत ही मोजणी कौतुकाची असे. दोनतीन महिने लोटून पुन्हां ती बाजूला बसली, कीं तेंच कौतुक तिच्यावर उलटे. ‘हिला राहत नाहीं’ असा शेरा पडे. तिच्या अंगांत रक्त आहे कीं नाहीं, तिच्या ताटांत शेवटीं काय उरतें, माहेरच्या आठवणीनें ती रात्रीं झोपते कीं रडते, हे प्रश्न त्या मोजणींत नव्हते.

आपल्या जुन्या वैद्यांना मात्र हे प्रश्न अगदींच अपरिचित नव्हते. ऋतुदर्शन न होणें हें गर्भधारणेचें लक्षण म्हणून चरकसंहितेंत दिलें आहेच. परंतु त्याच संहितेंत ‘रक्तगुल्म’ नांवाच्या एका विकाराचें वर्णन आहे. तो स्त्रियांनाच होतो. त्यांत आर्तव कोंडून राहतें, पोट वाढतें, डोहाळ्यांसारखीं लक्षणें होतात, आणि गर्भ मात्र नसतो. अशा गर्भ नसलेल्या स्त्रीला गर्भिणी म्हणणाऱ्यांना संहिताकारानें मूढ ठरविलें आहे. या विकाराचीं जीं कारणें तेथें सांगितलीं आहेत, त्यांत ऋतुकाळांतील अनाहार आणि भय हीं दोन अगदीं आरंभीं येतात. उपास आणि भीति! पुढें हीच जोडी आपणांस दोन महायुद्धांच्या काळांत पुन्हां भेटणार आहे, म्हणून वाचकांनीं ती ध्यानांत ठेवावी. चिकित्सेविषयींचा नियमही पाहण्यासारखा आहे. दहावा महिना उलटल्यावांचून या विकारावर उपचार करूं नये, असें संहिता सांगते. आंत गर्भ आहे कीं रोग आहे, हें निश्चित करण्याचें साधन ज्या काळीं नव्हतें, त्या काळीं काळ जाऊं देणें हीच एक खात्रीची परीक्षा होती.

सुश्रुतसंहितेनें ऋतूचें वय बारापासून पन्नासपर्यंत धरलें आहे, आणि ‘नष्टार्तव’ या स्थितीचें कारण दोषांनीं मार्ग अडणें हें दिलें आहे. ही उपपत्ति आज टिकत नाहीं. परंतु त्यावर सांगितलेला आहार पाहिला, तर त्यांत मासे, कुळीथ, तीळ, उडीद, दहीं असे पौष्टिक पदार्थ येतात. उपपत्ति चुकीची, पण हात ताटाकडे वळलेला, असा हा प्रकार आहे. दुर्दैवानें पुढें लोकांत टिकली ती उपपत्ति. ताट विसरलें गेलें. ‘विटाळ तुंबला’ ही कल्पना घरोघर रूढ झाली, आणि जें तुंबलें तें कसेंही करून मोकळें केलें पाहिजे या समजुतीनें उष्ण व दाहक औषधांचा मारा त्या बाईच्या पोटावर होऊं लागला.

पाश्चात्त्य वैद्यकाची कथा यापेक्षां फार निराळी नाहीं. तेथेंही अडलेलें रक्त हा सिद्धान्त शतकानुशतकें चालला. तरी इ. स. च्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीं रोम येथें वैद्यकी करणाऱ्या सोरानस या ग्रीक वैद्यानें एक मार्मिक गोष्ट नमूद केली आहे. गायनाच्या स्पर्धांत उतरणाऱ्या व पुष्कळ व्यायाम करणाऱ्या कांहीं स्त्रियांना ऋतुस्राव होत नाहीं, आणि तो रोग समजूं नये, असें तो म्हणतो. पुढें १६८९ सालीं इंग्लंडांत रिचर्ड मॉर्टन यानें क्षयरोगावर ग्रंथ लिहिला. त्यांत १६८४ सालच्या एका अठरा वर्षांच्या मुलीची हकीकत आहे. मनाच्या अनेक चिंतांनीं तिची पाळी थांबली, अन्नावरची वासना उडाली, आणि देह अस्थिपंजर होऊन ती वारली. ताप नाहीं, खोकला नाहीं, फुप्फुसांत कांहीं नाहीं. मग हा क्षय कसला, या कोड्यानें तो वैद्य चकित झाला होता. म्हणजे पाळीचा संबंध अन्नाशीं, श्रमाशीं आणि मनाशीं आहे, हें ठिकठिकाणीं कोणाच्या ना कोणाच्या नजरेस पडत होतें. पण त्या सुट्या नजरांची एक दृष्टि बनली नव्हती.

ही दृष्टि नसल्यामुळें काय घडलें, हें आपल्याच समाजाच्या इतिहासांत पाहावें. गेल्या शतकाच्या मागील शतकांत विधवेच्या बाबतींत पाळी चुकणें ही केवळ वार्ता नसे, तो आरोप असे. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें, तें याच आरोपाच्या दहशतीवर उपाय म्हणून. १८८१ सालीं सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेला आपलें अर्भक मारल्याबद्दल प्रथम फांशीची शिक्षा झाली व ती पुढें कमी करण्यांत आली. त्या निमित्तानें वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी झोड उठली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें पुस्तक लिहिलें. या गोष्टी वाचकांस माहीत आहेत. परंतु या प्रकरणाची एक बाजू सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. बालविधवेचें जिणें कसें असे? वपन, एक वेळचें जेवण, एकादश्या, चातुर्मास, कोरडा शिधा, पहांटेपासून रात्रीपर्यंतचे कष्ट, आणि आपल्या पायगुणानें घर बुडालें ही सतत ऐकावी लागणारी बोलणीं. अनाहार आणि भय या दोन्ही गोष्टी ज्या देहाच्या वांट्याला नित्य आलेल्या, त्या देहाची पाळी थांबली तर त्यांत नवल कसलें? आज कोणताही डॉक्टर हेंच सांगेल. पण त्या घरांत तिच्या थांबलेल्या पाळीचा एकच अर्थ होऊं शकत होता. धर्मानें तिला उपाशी ठेवावें, उपासानें तिची पाळी थांबावी, आणि थांबलेल्या पाळीवरून पुन्हां धर्मानेंच तिच्याकडे संशयानें पाहावें, असें हें दुष्टचक्र होतें.

एका घरांतील उपाशी स्त्रीचें जें होतें, तेंच एका प्रांतांतील लाखों उपाशी स्त्रियांचें झालें म्हणजे तें जन्ममृत्यूच्या दप्तरांत दिसूं लागतें. १८७६ सालीं दख्खनांत पाऊस फसला आणि १८७८ पर्यंत चाललेला तो भयंकर दुष्काळ सोलापूर, अहमदनगर, कलादगी या जिल्ह्यांपासून मद्रास इलाख्यापर्यंत पसरला. हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि म्हणून आलेले सर रिचर्ड टेंपल यांनीं १८७७ च्या आरंभीं दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य आणि एक आणा इतकी खालीं आणली. स्त्रीला त्याहूनही कमी. एक रत्तल म्हणजे आजच्या मापानें सुमारें साडेचारशे ग्रॅम, आणि त्यावर खडी फोडावयाची, बांध घालावयाचे. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं या प्रमाणाला वैद्यकाच्या आधारें कडाडून विरोध केला. मुंबई इलाख्यांत मजुरांनीं कामावर जाण्याचेंच नाकारलें, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. मेलेल्यांची मोजदाद त्या काळींही झाली. पण जे जन्मलेच नाहींत त्यांचें काय? लोकसंख्येचे अभ्यासक टिम डायसन यांनीं १९९१ सालीं दक्षिण आशियांतील दुष्काळांच्या नोंदी तपासून असें दाखविलें कीं, मृत्यूंची लाट पूर्णपणें उसळण्याच्या आधींच गर्भधारणांची संख्या उतरूं लागलेली असते. भुकेचा पहिला दाखला स्मशानांत नव्हे, तर पाळण्याच्या रिकामेपणांत मिळतो.

अर्थात् जन्म घटण्याचें कारण केवळ पाळी थांबणें हेंच नसतें. पुरुष पोटासाठीं दूर जातात, लग्नें लांबतात, थकलेल्या देहाला इच्छा राहत नाहीं, राहिलेले गर्भ पडतात. यांतील वांटा कशाचा किती, हा वाद युरोपांतील इतिहासकारांतही झाला. फ्रान्समधील खेड्यापाड्यांच्या चर्चांत बाप्तिस्म्यांच्या नोंदवह्या आहेत. सतराव्या-अठराव्या शतकांतील दुष्काळांत, जसा १६९३-९४ चा, धान्याचे भाव शिखराला पोंचले कीं सुमारें नऊ महिन्यांनीं बाप्तिस्म्यांचा आंकडा खोल घसरतो, असें त्या वह्यांवरून दिसलें. शेतकरी जोडपीं विचारपूर्वक संयम पाळीत होतीं काय? १९६९ सालीं एमान्युएल ल रोआ लादुरी या फ्रेंच इतिहासकारानें यावर एक निबंध लिहिला, आणि उत्तर शोधण्यासाठीं तो जुन्या दप्तरांतून उठून विसाव्या शतकांतील डॉक्टरांच्या टिपणांकडे गेला. संयमाचा वांटा असेलही. पण भुकेल्या स्त्रीचें शरीर स्वतःच गर्भधारणेचें दार लावून घेतें, ही गोष्ट त्यानें इतिहासाच्या विचारांत ठामपणें आणली. ज्या वेदनेबद्दल त्या शेतकरणींनीं एक अक्षर लिहून ठेवलें नव्हतें, तिची नोंद त्यांच्या देहांनीं केली होती. ती वाचणारा तीनशें वर्षांनीं भेटला.

ज्या टिपणांचा त्यानें आधार घेतला, तीं दोन महायुद्धांतून आलीं होतीं. पहिल्या महायुद्धांत दोस्तांच्या नाकेबंदीमुळें जर्मनींत अन्नाची टंचाई झाली. १९१६-१७ चा हिवाळा तेथें सलगमांवर काढावा लागला. त्याच सुमारास जर्मन डॉक्टरांकडे एक चमत्कारिक तक्रार घेऊन स्त्रिया येऊं लागल्या. गर्भ नाहीं, रोग सांपडत नाहीं, पण पाळी बंद. डॉक्टरांनीं या प्रकाराला नांवच ‘युद्धांतील ऋतुलोप’ असें दिलें. दुसऱ्या महायुद्धांत हाच अनुभव कितीतरी पटींनीं आला. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मनांनीं हॉलंडच्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तोडला, कालवे गोठले, आणि ॲम्स्टरडॅम, रॉटरडॅम, हेग या शहरांतील लोकांना माणशीं दिवसाला एक हजार उष्मांकांहून कमी शिधा मिळूं लागला. लोकांनीं ट्यूलिपचे कंदही खाल्ले. मे १९४५ मध्यें मुक्तता होतांच बोस्टनचे डॉ. क्लेमेंट स्मिथ तेथें गेले. त्यांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत ही हकीकत आली आहे. त्या हिवाळ्यांत पुष्कळ स्त्रियांची पाळी बंद पडली होती, आणि त्यानंतर नऊ महिन्यांनीं जन्मसंख्या झपाट्यानें घसरली. अन्न आलें आणि पाळी परतली. पाळी परतली आणि पाळणे पुन्हां हलूं लागले. सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत वेढ्यांत सांपडलेल्या लेनिनग्राडमध्येंही हेंच दिसलें. १९४२ च्या उत्तरार्धांत तेथील प्रसूतिगृहें ओस पडलीं.

येथपर्यंतचा हिशेब भुकेचा झाला. पण युद्धानें आणखी एक प्रश्न पुढें आणला. फिलिपाइन्समधील मनिला शहरीं सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारांत जपान्यांनीं जानेवारी १९४२ पासून परदेशी नागरिकांना कोंडलें होतें. तेथील स्त्रियांविषयींचें जें टिपण १९४४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालें, त्यांत असें आढळलें कीं, अनेकींची पाळी बाँबवर्षावानंतर व कोंडवाड्याच्या अगदीं आरंभींच थांबली होती. त्या वेळीं अन्नाची दशा तितकी वाईट झालेलीच नव्हती. म्हणजे येथें चरकाच्या जोडींतील दुसरें कारण काम करीत होतें. बोहेमियांतील तेरेझिन येथील नाझींच्या छावणींतही आलेल्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिकींची पाळी कांहीं महिन्यांच्या आंत बंद झाली. आणि छावणी तीच, हाल तेच असतांही, बऱ्याच काळानें कित्येकींची ती पुन्हां सुरू झाली. पहिला आघात शरीरानें आपल्या परीनें पचविला, असें याचें स्पष्टीकरण करतां येतें.

या छावण्यांतील स्त्रियांच्या मनांत काय चाललें असेल? त्यांच्या पुढील आठवणींतून एक समजूत वारंवार भेटते. आपल्या रस्श्यांत कांहीं औषध मिसळतात, त्यानें आपली पाळी बंद झाली, आणि आपण आतां जन्मभर वांझ राहणार, असें त्यांना वाटे. भूक सोसली, मार सोसला; पण ही भीति त्या एकमेकींच्या कानांत बोलत. उपासमार आणि दहशत एवढ्यानेंच हें होऊं शकतें, हें त्यांना त्या वेळीं कोणी सांगितलें असतें, तर तेवढें तरी एक ओझें उतरलें असतें. मुक्ततेनंतर १९४६-४७ मध्यें जर्मनींतील निर्वासितांच्या छावण्यांत याच लोकांच्या संसारांत जन्मांची संख्या विलक्षण वाढली. ज्या देहांना आपण संपलों असें वाटत होतें, ते केवळ थांबले होते.

हें थांबणें घडतें कसें, याचा उलगडा त्याच पिढींत होऊं लागला होता. १८९६ सालीं व्हिएन्नाच्या एमिल क्नाउअर यानें सशिणींवर प्रयोग करून बीजकोशाची सत्ता रक्तांतून चालते, हें दाखविलें. १९२८ च्या सुमारास बर्लिनमध्यें आशहाइम व झोंडेक यांनीं मूत्रावरून गर्भ ओळखण्याची परीक्षा शोधली. स्त्रीचें मूत्र कोवळ्या उंदरिणींना टोंचून त्यांचे बीजकोश पाहावयाचे, अशी ती रीत होती. दहावा महिना उलटेपर्यंत वाट पाहण्याची पाळी आतां वैद्यांवर राहिली नाहीं. आणि गर्भ नाहीं हें लवकर कळूं लागल्यामुळेंच ‘मग काय आहे?’ हा प्रश्न नीट विचारतां येऊं लागला. १९४३ सालीं बोस्टनच्या फुलर ऑल्ब्राइट यांच्या मंडळींनीं असें प्रतिपादन केलें कीं, कित्येक स्त्रियांत बीजकोश आणि गर्भाशय निरोगी असतात. बिघाड वर, मेंदूच्या तळाशीं असलेल्या हायपोथॅलॅमस या भागांतून येणाऱ्या आज्ञेंत असतो. ती आज्ञा सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पिट्यूटरी ग्रंथीकडे जाते, हें इंग्लंडांतील जेफ्री हॅरिस यांनीं दाखविलें. त्या आज्ञेचें द्रव्य १९७१ सालीं ओळखलें गेलें, आणि त्याबद्दल शॅली व गीय्‌मँ यांना १९७७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

यानंतर अमेरिकेंतील अर्न्स्ट नोबिल यांनीं माकडिणींवर केलेल्या प्रयोगांतून एक सुंदर गोष्ट उघड झाली. ही आज्ञा सलग वाहत नाहीं. नगाऱ्यावर टिपरूं पडावें तशी ती तासागणिक ठोक्यांनीं येते. ठोके वेळेवर पडले, तर पिट्यूटरी जागी राहते, बीज पक्व होतें, आणि गर्भ न राहिल्यास महिन्याच्या शेवटीं पाळी येते. ठोके मंदावले, कीं सर्व कारखाना शांत होतो. हे ठोके कशानें मंदावतात? अंगांतील चरबी घटली, तर तिच्यांतून स्रवणारें लेप्टिन घटतें. या द्रव्याचा शोध १९९४ सालीं न्यूयॉर्क येथें लागला. लेप्टिन घटल्याचा अर्थ मेंदू असा घेतो कीं, घरांत शिल्लक नाहीं. भय व चिंता यांच्या काळांत स्रवणारीं द्रव्येंही तोच निरोप नेतात. ज्या वेळीं एक जीवही धड जगणें कठीण, त्या वेळीं दुसरा जीव पत्करूं नये, असा हा शरीराचा हिशेब आहे. ज्याला आपण चूक म्हणतों, ती अशा वेळीं शरीराची काटकसर असते.

परंतु येथें वाचकांची दिशाभूल होऊं नये म्हणून स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं, भूक, भीति व अतिश्रम यांनीं सर्व प्रकरणें उलगडत नाहींत. १९३५ सालीं शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथाल यांनीं सात स्त्रियांवरून वर्णिलेला, बीजकोशांत अनेक पुटकुळ्या दिसण्याचा विकार आज तरुण मुलींत पाळी लांबण्याचें फार मोठें कारण आहे. १९३७ सालीं ग्लासगोच्या शीहान यांनीं दाखविलें कीं, बाळंतपणांत अतोनात रक्त गेलें तर पिट्यूटरीच मरते. मग दूध उतरत नाहीं, पाळी परतत नाहीं, आणि बाई दिवसेंदिवस खंगत जाते. ‘बाळंतपण मानवलें नाहीं’ म्हणून सोडून दिलेल्या कित्येक बायका या सदरांतल्या असाव्यात. १९४८ सालीं ॲशरमन यांनीं गर्भाशय खरवडल्यानंतर त्याच्या भिंती एकमेकींस चिकटण्याचा प्रकार वर्णिला. थायरॉइड ग्रंथीचे विकार, पिट्यूटरींतील गांठी, आणि आपल्या देशांत विशेषेंकरून गर्भाशयाचा क्षय, हीं कारणें आहेतच. अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी कित्येक महिने येत नाहीं. मात्र पाळी परतण्यापूर्वींच गर्भ राहूं शकतो, हें विसरूं नये. कांहीं औषधें, संततिनियमनाचीं कांहीं साधनें, आणि चाळिशीनंतर जवळ येणारी ऋतुनिवृत्ति यांचाही विचार करावा लागतो.

म्हणूनच आजचा शहाणपणाचा क्रम असा आहे. प्रथम गर्भ आहे कीं नाहीं हें पाहावें. त्यासाठीं आतां उंदीर लागत नाहींत, औषधांच्या दुकानांत मिळणारी पट्टी कांहीं मिनिटांत उत्तर देते. गर्भ नसेल, आणि नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाहीं, किंवा मुलीला पंधरा वर्षें पूर्ण होऊनही ऋतु आला नाहीं, तर डॉक्टरकडे जावें. ‘तुंबलें’ म्हणून घरगुती दाहक औषधें देत बसूं नये. पोटांत जोराची कळ येत असेल, तर एक दिवसही थांबूं नये, कारण गर्भ गर्भाशयाबाहेर राहिल्यासही पाळी चुकते, आणि तें जिवावरचें असतें.

साधनें अशीं बदललीं. प्रश्न विचारण्याची आपली रीत बदलली काय, हें आम्हांस तितक्या खात्रीनें म्हणवत नाहीं. परीक्षेच्या वर्षीं मुलीची पाळी लांबली, तर आईच्या मनांत पहिला विचार अजून तोच येतो. सडपातळ होण्याच्या नादानें जेवण सोडलेली मुलगी, रात्रपाळीची नोकरी करणारी तरुणी, घरांतील दुखणीं एकटीनें उपसणारी सून, यांना ‘काय झालें?’ असें विचारण्याच्या आधीं ‘काय केलेंस?’ असें विचारलें जातें. या दोन प्रश्नांत फरक एका शब्दाचा आहे. पण पहिला वैद्याचा आहे, आणि दुसरा फिर्यादीचा.

आम्ही जो इतिहास येथें थोडक्यांत पाहिला, तो एवढेंच सांगतो कीं, थांबलेली पाळी ही पुष्कळदां त्या स्त्रीविषयींची बातमी नसून तिच्या भोंवतालाविषयींची साक्ष असते. दख्खनच्या दुष्काळी कामावरील मजुरणीची साक्ष एक रत्तल धान्याविरुद्ध होती. तेरेझिनच्या कैदिणीची साक्ष तटबंदीविरुद्ध होती. एकभुक्त विधवेची साक्ष तिला उपाशी ठेवणाऱ्या घराविरुद्ध होती. साक्षीदारालाच आरोपी करण्याची चूक मात्र पुन्हां पुन्हां झाली. पुढच्या वेळीं कोणा लेकीसुनेची पाळी चुकली असें कानीं आलें, तर महिने मोजण्यापूर्वीं तिच्या ताटाकडे आणि तिच्या चेहऱ्याकडे एकदां नीट पाहावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.